राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील पुरुष दुहेरी टेबल टेनिस : जोडीच्या खेळाचे स्वरूप आणि मावळातील महाविद्यालयांपुढील प्रश्न

सारांश

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांत २०१० ते २०२२ या काळात पुरुष दुहेरी टेबल टेनिसच्या प्रत्येक अंतिम सामन्यात भारताची एक जोडी खेळली. सुवर्णपदक मात्र एकदाच मिळाले. प्रस्तुत लेखात या कामगिरीच्या आधारे दुहेरीच्या खेळाची अंतर्गत रचना उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. दुहेरी ही दोन एकेरी खेळाडूंच्या कौशल्याची बेरीज नसून स्वतंत्र अभ्यासाची मागणी करणारा खेळ आहे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. त्या अनुषंगाने लोणावळा व मावळ परिसरातील महाविद्यालयीन परिस्थितीचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : टेबल टेनिस, पुरुष दुहेरी, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, डावखुरे खेळाडू, महाविद्यालयीन क्रीडा, मावळ

प्रास्ताविक

बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ७ ऑगस्ट २०२२ रोजी पुरुष दुहेरीचा अंतिम सामना झाला. एका बाजूला भारताचे अचंता शरथ कमल आणि जी. साथियान, तर दुसऱ्या बाजूला यजमान इंग्लंडचे पॉल ड्रिंकहॉल आणि लियाम पिचफोर्ड. भारतीय जोडीने पहिला गेम ११-८ असा जिंकला, पुढील दोन ८-११ आणि ३-११ असे गमावले, चौथा ११-७ असा खेचून आणला आणि निर्णायक पाचवा ४-११ असा गमावला. भारताला रौप्यपदक मिळाले. चार वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, गोल्ड कोस्ट येथेही याच दोन जोड्यांमध्ये अंतिम सामना झाला होता आणि त्याचाही निकाल इंग्लंडच्या बाजूने ३-२ असाच लागला होता.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल दुसऱ्या दिवशी घडले. ८ ऑगस्ट रोजी एकेरीच्या अंतिम सामन्यात शरथ कमल यांनी पिचफोर्ड यांचा ४-१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकावले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात साथियान यांनी ड्रिंकहॉल यांना ४-३ असे नमविले. म्हणजे चौघे तेच, स्थळ तेच आणि मध्ये अंतर एका दिवसाचे. समोरासमोर एकेकटे उभे राहिले तेव्हा दोन्ही भारतीय जिंकले. जोडीने उभे राहिले तेव्हा दोन्ही इंग्रज जिंकले. दुहेरीचा खेळ म्हणजे दोन चांगल्या खेळाडूंची बेरीज असती, तर ही गोष्ट घडली नसती. निदान इतक्या ठळकपणे तरी घडली नसती.

महाविद्यालयांमध्ये संघनिवडीच्या वेळी आपण सर्वसाधारणपणे ही बेरीजच करीत असतो. एकेरीच्या चाचणीत पहिला व दुसरा आलेला विद्यार्थी यांची जोडी लावली जाते, किंवा पहिल्या दोघांना एकेरीसाठी राखून तिसऱ्या-चौथ्याला दुहेरीत उभे केले जाते. ही पद्धत सोयीची असली तरी ती खेळाच्या स्वरूपाशी विसंगत आहे. विसंगती कोठे आहे हे समजण्यासाठी प्रथम नियमांकडे वळणे आवश्यक आहे.

आळीपाळीची सक्ती

बॅडमिंटन किंवा लॉन टेनिसच्या दुहेरीत एकदा सर्व्हिस व तिची परतफेड झाली की जोडीतील कोणीही चेंडू वा शटल परतवू शकतो. समर्थ खेळाडू अधिक भाग व्यापून आपल्या भिडूची उणीव झाकू शकतो. टेबल टेनिसमध्ये ही मुभा नाही. येथे जोडीतील दोघांनी आळीपाळीनेच फटका मारावयाचा असतो. सलग दोन फटके एकानेच मारले तर गुण गमवावा लागतो. (चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्या दिव्यांग खेळाडूंच्या दुहेरीत मात्र सर्व्हिस व पहिली परतफेड झाल्यानंतर ही सक्ती शिथिल केलेली आहे.)

या एका नियमातून सारे वेगळेपण उद्भवते. टेबलाची लांबी २.७४ मीटर आणि रुंदी १.५२५ मीटर. एवढ्या रुंदीच्या मागे दोन प्रौढ माणसे उभी असतात आणि प्रत्येक फटक्यानंतर एकाने जागा सोडावयाची व दुसऱ्याने ती घ्यावयाची असते. एकेरीत फटका मारल्यानंतर खेळाडू मध्यभागी परत येतो; पुढील चेंडूसाठी ती सर्वांत सुरक्षित जागा असते. दुहेरीत फटका मारल्यानंतर मध्यभागी थांबणे हा अपराध ठरतो, कारण आता ती जागा भिडूची असते. एकेरीचा उत्तम खेळाडू दुहेरीत अडखळतो तो बहुधा येथेच. वर्षानुवर्षे पायांना लागलेली सवय त्याला नेमकी चुकीच्या ठिकाणी नेते.

चाणाक्ष प्रतिस्पर्धी याचा लाभ घेतो. ज्याने आत्ताच फटका मारला आहे त्याच्या अंगावरच चेंडू टाकावयाचा, ही दुहेरीतील जुनी युक्ती आहे. त्याला तो चेंडू मारण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार असतो त्याच्या वाटेत तो उभा असतो. गुण जातो तेव्हा प्रेक्षकांना वाटते की दुसऱ्याचा फटका चुकला. वास्तविक चूक पहिल्याच्या पायांची असते. दुहेरीतील चुकांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवला नाही, तर मार्गदर्शक भलत्याच विद्यार्थ्याला बोल लावण्याचा संभव असतो.

सर्व्हिसच्या बाबतीतही असेच घडते. दुहेरीत टेबलाच्या मध्यावरील ३ मिलिमीटर रुंदीच्या पांढऱ्या रेषेला अर्थ प्राप्त होतो. सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे तिरकी, करावी लागते. चेंडू कोठे पडणार हे समोरच्याला निम्मेअधिक आधीच ठाऊक असते, त्यामुळे एकेरीइतकी सर्व्हिसची दहशत येथे राहत नाही. याहून महत्त्वाचे असे की एकेरीत खेळाडू स्वतःच्या तिसऱ्या चेंडूसाठी सर्व्हिस करतो. आखूड, खाली कापलेली सर्व्हिस करावयाची, समोरच्याने ती उचलून दिली की स्वतःच जोरदार फटका मारावयाचा, हे एकाच डोक्यातील गणित असते. दुहेरीत तिसरा चेंडू भिडूच्या वाट्याला येतो. सर्व्हिस एकाने करावयाची आणि तिचे फळ दुसऱ्याने घ्यावयाचे! म्हणूनच सर्व्हिसपूर्वी टेबलाखाली हात नेऊन बोटांच्या खुणांनी भिडूला सर्व्हिसचा प्रकार कळविण्याची प्रथा आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्रास दिसते. ती गुप्तता प्रतिस्पर्ध्यापासून राखावयाची असते खरी; पण तिचा मूळ हेतू भिडूला अंधारात न ठेवणे हा असतो.

क्रमाचे गणित

नियमांचा एक भाग असा आहे की तो आमच्या पाहण्यातील अनेक विद्यार्थी खेळाडूंना, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर काही शिक्षकांनाही, पुरता उमगलेला नसतो. तो म्हणजे फटक्यांचा क्रम.

एका जोडीत क व ख आणि दुसरीत त व थ आहेत असे मानू. पहिल्या गेममध्ये क ने त ला सर्व्हिस केली, तर चेंडू क कडून त कडे, त कडून ख कडे, ख कडून थ कडे आणि थ कडून पुन्हा क कडे असा फिरतो. प्रत्येकी दोन सर्व्हिस झाल्या की सर्व्हिस बदलते. परंतु हे चक्र बदलत नाही. त सर्व्हिस करू लागला की ती ख च घेतो. परिणामी संपूर्ण गेमभर ख ला केवळ त चेच चेंडू मिळतात आणि क ला केवळ थ चे. दुसऱ्या गेममध्ये हे चक्र उलट फिरते : आता क ला त चे चेंडू घ्यावे लागतात. तिसऱ्या गेममध्ये मूळ क्रम परत येतो, चौथ्यात पुन्हा उलटा. निर्णायक पाचव्या गेममध्ये मूळ क्रमाने आरंभ होतो आणि कोणत्याही जोडीचे ५ गुण झाले की बाजू बदलताना सर्व्हिस घेणाऱ्या जोडीला आपला क्रम बदलावा लागतो.

चारपैकी एखादा खेळाडू फार जोरकस असेल, तर त्याचे चेंडू आपल्यापैकी कोणी झेलावयाचे हा या खेळातील कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर पहिल्या गेमपुरते सर्व्हिस घेणाऱ्या जोडीच्या हाती असते. सर्व्हिस करणारी जोडी आधी आपला सर्व्हिस करणारा ठरविते आणि त्यानंतर घेणारी जोडी आपल्यातील कोणी घ्यावयाची ते ठरविते. म्हणजे शेवटचा शब्द घेणाऱ्यांचा. नाणेफेक जिंकल्यावर सवयीने ‘सर्व्हिस’ म्हणणारी जोडी हा अधिकार आपण होऊन सोडून देते. अर्थात पाच गेमच्या सामन्यात दोन्ही क्रम जवळपास सारखेच वाट्याला येतात. निर्णायक गेममध्ये पहिला क्रम कमीत कमी ५ आणि फार तर ९ गुणांपर्यंत टिकतो. त्यानंतर किमान ६ गुण दुसऱ्या क्रमाने खेळले जातात. सामन्याचा शेवट नेहमी दुसऱ्या क्रमातच होतो. तेव्हा पहिल्या गेममध्ये स्वतःला अनुकूल क्रम घेणाऱ्या जोडीने शेवट प्रतिकूल क्रमात खेळण्याची तयारी ठेवली पाहिजे.

बर्मिंगहॅमच्या अंतिम सामन्याला हे गणित लावून पाहण्याचा मोह होतो. परंतु भारतीय जोडीने पहिला आणि चौथा गेम जिंकला, म्हणजे दोन्ही क्रमांत एकेक. आणि तिसरा गेम पहिल्याच्याच क्रमात असूनही ३-११ असा गमावला. केवळ क्रमावर निकाल ठरला असे म्हणता येणार नाही. क्रम हा संधी देतो किंवा नाकारतो. ती संधी साधणे जोडीच्या जुळणीवर अवलंबून असते. ड्रिंकहॉल व पिचफोर्ड गोल्ड कोस्टच्या सुवर्णपदकापासून बर्मिंगहॅमच्या सुवर्णपदकापर्यंत एकमेकांसोबत होते, हे येथे नमूद करावयास हवे. शरथ कमल व साथियान हीदेखील दोन्ही वेळेस तीच जोडी होती, त्यामुळे सहवासाचा मुद्दाही ताणून धरता येत नाही. दोन्ही अंतिम सामने पाचव्या गेमपर्यंत गेले, यावरून अंतर किती थोडे होते ते दिसते.

डावा आणि उजवा

जोडीची निवड कशी करावी, याविषयी जागतिक स्पर्धांच्या निकालांतून मिळणारा एक पुरावा फार स्पष्ट आहे. १९८८ मध्ये सोल येथे टेबल टेनिसचा ऑलिंपिकमध्ये समावेश झाला तेव्हापासून २००४ च्या अथेन्सपर्यंत पाच वेळा पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक दिले गेले आणि पाचही वेळा ते चीनने जिंकले. या पाच विजेत्या जोड्यांपैकी चार जोड्यांत एक खेळाडू उजव्या हाताचा व दुसरा डावखुरा होता : चेन लाँगकान व वेई चिंगग्वांग, ल्यू लिन व वांग ताओ, वांग लिचिन व यान सेन, मा लिन व चेन ची. अपवाद फक्त १९९६ मधील अटलांटाच्या काँग लिंगहुई व लिऊ ग्वोलियांग यांचा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर २००७ पासून २०२५ पर्यंत झालेल्या दहाही स्पर्धांत पुरुष दुहेरीची विजेती जोडी डाव्या-उजव्यांचीच होती. त्यात चीनच्या जोड्या अधिक असल्या, तरी २०१३ चे तैवानचे, २०२१ चे स्वीडनचे आणि २०२५ चे जपानचे विजेतेही याच प्रकारात मोडतात.

याचे कारण पुन्हा पायांच्या हालचालीत आहे. उजव्या हाताचे दोन खेळाडू एकत्र आले की दोघांनाही टेबलाचा डावा कोपरा हवा असतो, कारण तेथून फोरहँडने सारे टेबल आवाक्यात येते. मग एकाने मारून मागे व बाजूला सरकणे, दुसऱ्याने आत शिरणे, पहिल्याने त्याच्या पाठीमागून फिरून परत येणे, अशी लंबवर्तुळाकार फिरती अखंड चालू ठेवावी लागते. एक डावा व एक उजवा असेल तर उजव्या हाताचा खेळाडू डाव्या बाजूस व डावखुरा उजव्या बाजूस उभा राहतो. दोघांचेही फोरहँड मध्याकडे असतात आणि फटका मारल्यानंतर प्रत्येक जण आपापल्या बाजूने बाहेर पडतो. वाटा एकमेकींना छेदत नाहीत. शिवाय सर्व्हिस नेहमी उजव्या अर्ध्या भागात येत असल्याने डावखुऱ्या खेळाडूला ती बाहेरच्या बाजूस उभे राहून फोरहँडने घेता येते.

मावळातील भातशेती जवळून पाहिलेल्या वाचकांस हे नवे वाटणार नाही. चिखलणीसाठी बैलजोडी निवडताना शेतकरी केवळ ताकदीचे दोन बैल निवडीत नाही. चाल जुळते की नाही आणि जुवाच्या कोणत्या बाजूला कोणाला सवय आहे हे पाहतो. दोन उत्तम बैलांची जोडी वाईट असू शकते. गंमत अशी की याच भागात लोकप्रिय असलेल्या कुस्तीत ‘जोड’ हा शब्द प्रतिस्पर्ध्यासाठी वापरला जातो. समोरच्याशी जोड लावण्याची दृष्टी आपल्या क्रीडापरंपरेत चांगली रुजलेली आहे. शेजारच्याशी जोड लावण्याची दृष्टी तितकी रुजलेली नाही.

भारताचा अनुभव आणि महाराष्ट्र

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत टेबल टेनिसचा समावेश २००२ च्या मँचेस्टर स्पर्धेपासून झाला. २०१० मध्ये नवी दिल्ली येथे शरथ कमल व शुभजित साहा यांनी सिंगापूरच्या गाओ निंग व यांग झी यांच्यावर मात करून पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. २०१४ मध्ये ग्लासगो येथे शरथ कमल यांच्यासमवेत अँथनी अमलराज होते. त्यांना गाओ निंग व ली हू या जोडीकडून हार पत्करून रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. २०१८ व २०२२ ची कथा वर आलीच आहे. सलग चार अंतिम सामने, त्यांत शरथ कमल चारही वेळा आणि भिडू तीन. दुहेरीतील सातत्याचे असे उदाहरण भारतीय टेबल टेनिसमध्ये दुसरे नाही. मार्च २०२५ मध्ये चेन्नई येथील स्पर्धेनंतर शरथ कमल यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने गोल्ड कोस्टची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. तेथे पुरुष दुहेरीचे कांस्यपदकही भारतालाच मिळाले आणि ते मिळविणाऱ्या जोडीत मुंबईचे सनील शेट्टी व सुरतचे हरमीत देसाई होते. अंतिम सामन्यातील पराभवाच्या चर्चेत हे पदक झाकोळून गेले. एकाच देशाच्या दोन जोड्या एकाच वेळी पदकमंचावर उभ्या राहणे ही गोष्ट दुहेरीच्या खोलवर झालेल्या तयारीची खूण होती. महाराष्ट्राचा दुहेरीशी संबंध अर्थातच याहून जुना आहे. आशियातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये मुंबईतच झाली आणि तेथे जपानच्या फुजी व हयाशी यांनी पुरुष दुहेरी जिंकली. पुढे सोल ऑलिंपिकमध्ये दुहेरी प्रथमच खेळली गेली तेव्हा भारतातर्फे मुंबईचे कमलेश मेहता हे सुजय घोरपडे यांच्यासमवेत उतरले होते.

दुहेरीचे मोल केवळ दुहेरीच्या पदकापुरते नसते. गोल्ड कोस्टच्या सांघिक अंतिम सामन्यात भारताने नायजेरियाला ३-० असे हरविले. त्यातील पहिल्या दोन लढती एकेरीच्या होत्या आणि तिसरी, सुवर्णपदक निश्चित करणारी, दुहेरीची. ती हरमीत देसाई व साथियान यांनी जिंकली. बर्मिंगहॅमला सांघिक सामन्याचा आरंभच दुहेरीने होत असे. सिंगापूरविरुद्धच्या अंतिम सामन्यात हीच जोडी प्रथम उतरली आणि तिने आघाडी मिळवून दिली. त्यानंतरच्या एकेरीत शरथ कमल अनपेक्षितपणे पराभूत झाले, तरी भारताने ३-१ असा विजय मिळविला. दुहेरी आधी असो वा शेवटी, तिच्यावर सामन्याचा तोल अवलंबून राहतो.

ऑलिंपिकमध्ये मात्र दुहेरीचे नशीब चंचल राहिले. २००८ मध्ये बीजिंग येथे पुरुष व महिला दुहेरी वगळून त्यांच्या जागी सांघिक स्पर्धा आणण्यात आल्या आणि दुहेरी ही सांघिक सामन्यातील एक लढत म्हणून उरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघ चीनकडून ०-३ असा पराभूत झाला तेव्हाही पहिली लढत दुहेरीचीच होती. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पुरुष व महिला सांघिक स्पर्धांऐवजी मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचा आणि पुरुष दुहेरी व महिला दुहेरी पुन्हा समाविष्ट करण्याचा निर्णय झाला आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत याउलट २०२६ च्या ग्लासगो येथील आटोपशीर कार्यक्रमातून टेबल टेनिस वगळले गेले. २०३० ची स्पर्धा अहमदाबादला देण्यात आली असून तिच्या जाहीर झालेल्या खेळांत टेबल टेनिस आहे. आज कनिष्ठ महाविद्यालयात असणारा विद्यार्थी तेव्हा ऐन विशीत असेल. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या मानव ठक्कर व मानुष शहा या जोडीकडेही या दृष्टीने पाहावे. त्यांतील मानुष शहा डावखुरे आहेत.

मावळातील परिस्थिती

लोणावळ्याहून बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलेल्या या संकुलाच्या आधाराने ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाली आणि तिच्या नऊ खेळांत टेबल टेनिसही होते. एवढे जवळ आंतरराष्ट्रीय आयोजन होऊनही मावळातील महाविद्यालयांत दुहेरीचा खेळ फारसा रुजला नाही. याची कारणे प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा खोलीत, हवेत आणि वेळापत्रकात शोधणे अधिक योग्य ठरेल.

प्रथम खोली. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी साधारण १४ मीटर लांब व ७ मीटर रुंद जागा अपेक्षित असते. महाविद्यालयांच्या जिमखान्यात एवढी जागा क्वचितच टेबल टेनिसच्या वाट्याला येते. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात टेबलाच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला जुन्या उत्तरपत्रिकांची कपाटे पाहिली आहेत. अशा खोलीत एकेरी कशीबशी खेळता येते. दुहेरीत भिडूला मोकळी वाट देण्यासाठी बाजूला सरकावे लागते आणि तेथे कपाट असते. विद्यार्थी मग जागच्या जागी उभे राहून आळीपाळीने बॅट पुढे करण्यास शिकतात आणि ही सवय स्पर्धेच्या मोठ्या सभागृहातही सुटत नाही.

दुसरी गोष्ट पाऊस. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच तालुक्यात तळेगावला तो कितीतरी कमी असतो. मैदाने पाण्याखाली असताना छताखाली खेळता येणारा खेळ म्हणून टेबल टेनिसला येथे स्वाभाविक महत्त्व यावयास हवे होते. प्रत्यक्षात याच महिन्यांत बॅटच्या रबरावर दमटपणाचा सूक्ष्म थर बसतो, चेंडू रबराला धरत नाही, टॉप स्पिनचा फटका घसरून जाळ्यात जातो. टेबलाच्या लाकडी कडा फुगतात आणि उसळी असमान होते. चारही खेळाडूंच्या श्वासाने व घामाने बंद खोली आणखी दमट होते, त्यामुळे दुहेरीत ही अडचण अधिक जाणवते. उपाय साधे आहेत : बॅट वेष्टनात ठेवणे, कोरडे सुती फडके जवळ बाळगणे, हवा खेळती राहील अशी वरच्या मजल्यावरील खोली निवडणे. शिवाय फिरकी चालत नसेल त्या दिवसांत सरळ फटक्यांचा आणि मुख्यतः पायांच्या फिरतीचा सराव घ्यावा. फिरतीला रबर कोरडे लागत नाही. या दृष्टीने पावसाळा हा दुहेरीच्या पायाभरणीचा काळ ठरू शकतो.

तिसरी अडचण वेळापत्रकाची आणि तीच बहुधा सर्वांत कठीण. कला शाखेचे वर्ग सकाळी, विज्ञानाची प्रात्यक्षिके दुपारी. एक विद्यार्थी कामशेतहून येणारा, दुसरा मळवलीचा, दोघांच्या लोकल वेगळ्या. एकेरीच्या खेळाडूला सरावासाठी कोणीही चालतो. दुहेरीच्या खेळाडूला तोच एक भिडू लागतो. आठवड्यातून दोनदा पाऊण तास दोघे एकत्र येतील एवढी व्यवस्था विभागप्रमुखांच्या संमतीशिवाय होत नाही, आणि येथे शारीरिक शिक्षण संचालकाइतकाच इतर विषयांच्या प्राध्यापकांचा वाटा असतो. प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून देणे ही आपल्याला किरकोळ बाब वाटते; जोडीसाठी ती निर्णायक असू शकते.

स्पर्धेच्या रचनेचाही परिणाम होतो. जागतिक सांघिक अजिंक्यपद स्पर्धेत पाचही लढती एकेरीच्या असतात. ही पद्धत जेथे जशीच्या तशी उचलली जाते, तेथे महाविद्यालयाला दुहेरीची जोडी घडविण्याचे कारणच उरत नाही. आपल्या महाविद्यालयांतर्गत स्पर्धेचा आराखडा मात्र आपल्याच हाती असतो. त्यात राष्ट्रकुल स्पर्धेप्रमाणे एक लढत दुहेरीची ठेवावी आणि ती पहिली ठेवावी, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

सरावाच्या आरंभी चेंडूशिवाय पाच मिनिटे केवळ फिरती करून घ्यावी. एकाने फटक्याचा आविर्भाव करून बाहेर पडावे, दुसऱ्याने आत यावे. विद्यार्थी प्रथम हसतात. दोन आठवड्यांनी हसणे थांबते. त्यानंतर मार्गदर्शकाने टोपलीतून एकेक चेंडू देत जोडीला आळीपाळीने मारावयास लावावे आणि चेंडू मुद्दाम नुकत्याच मारलेल्या खेळाडूच्या दिशेने टाकावा. एकाच्या सर्व्हिसवर दुसऱ्याने तिसरा चेंडू मारण्याचा सराव स्वतंत्रपणे घ्यावा. निवडीसाठी जोड्यांचीच चाचणी घेणे अगत्याचे आहे : सहा खेळाडू असतील तर पंधरा जोड्या संभवतात, आणि त्यांतील निदान सात-आठ जोड्या प्रत्यक्ष खेळवून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. डावखुरे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत थोडेच असतात आणि त्यांतील अनेकांनी कधी टेबल टेनिसची बॅट हातात धरलेली नसते. प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या जिमखान्याच्या अर्जात उंची, वजन व पूर्वी खेळलेला खेळ एवढेच विचारले जाते. तेथे डावखुरा की उजव्या हाताचा असा आणखी एक रकाना घातला, तर जुलैमध्येच त्यांची यादी हाती येईल.